करुक भाषेतला 'वुरा': एका चिमुकल्या अव्ययाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करुक ही भाषा कुठली?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यात क्लॅमथ नदी डोंगरांमधून वाट काढत पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या मधल्या टप्प्यात, हॅपी कॅम्प, सोम्स बार आणि ऑर्लीन्स या गावांच्या परिसरात करुक लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. आपल्या भाषेला ते 'अराराहिह' म्हणतात. 'अरार' म्हणजे माणूस, म्हणजे ही माणसांची भाषा.

'करुक' हा शब्द मुळात दिशा सांगतो. 'करुक' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, 'युरुक' म्हणजे खालच्या अंगाला. 'मरुक' म्हणजे डोंगराकडे, चढावर आणि 'सरुक' म्हणजे उताराने नदीकडे. या लोकांची दिशा सूर्यावरून ठरत नाही, नदीवरून ठरते. खालच्या अंगाला राहणाऱ्या शेजाऱ्यांना जग 'युरोक' म्हणून ओळखतं, तेही या करुक शब्दामुळेच.

करुकचं कुठल्याही भाषेशी सिद्ध झालेलं नातं नाही. 'होकन' नावाच्या एका मोठ्या गटात तिला कधी कधी घालतात, पण तो गट अजून अंदाजाच्या पातळीवरच आहे. शेजारची युरोक भाषा अल्जिक कुळातली, तर हूपा अथाबास्कन कुळातली. तिन्ही समाजांच्या चालीरीती आणि सोहळे एकमेकांच्या फार जवळचे आहेत, भाषा मात्र तीन टोकांच्या.

आणि 'वुरा' म्हणजे काय?

एका शब्दात सांगता येईल असा त्याला अर्थ नाही. तो बोलण्याला जोर देतो, खात्री देतो, एखाद्या शब्दावर बोट ठेवतो. व्याकरणकार त्याच्याखाली 'तीव्रतादर्शक' अशी चिठ्ठी चिकटवतात आणि पुढे जातात. चिठ्ठी चुकीची नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर या शब्दाचं निम्मं काम नजरेआड होतं.

त्याचं रूप कधी बदलत नाही. करुकमधलं क्रियापद म्हणजे एक छोटं गावच असतं: कोणी केलं, कोणाला केलं, नदीच्या वर की खाली, पाण्यात की पाण्याबाहेर, हे सगळं एकाच शब्दात पुढून-मागून जोडलेलं असतं. 'वुरा' या गर्दीत शिरत नाही. त्याला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर ते अव्यय आहे.

मराठी वाचकाला 'वुरा' कसा समजावून सांगाल?

आपल्या 'च'पासून सुरुवात करा. इंग्रजी वाचकाला 'वुरा' समजावताना 'अगदी', 'खरोखर', 'फक्त' अशा अर्थाचे तीन-चार वेगवेगळे शब्द पुढे करावे लागतात आणि तरी काहीतरी हातातून निसटतंच. आपल्याकडे एकाच अक्षरात ते काम होतं.

करुकमध्ये 'वा' म्हणजे 'ते, तो, ती'. 'वा वुरा' म्हणजे 'तेच'. 'वा कान' म्हणजे 'तिथे', आणि 'वा वुरा कान' म्हणजे 'तिथेच'. इथपर्यंत मराठी माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

'च' हे अक्षर किती कामं करतं, हे आपण बोलताना कधी मोजत नाही. 'तो आला' आणि 'तोच आला' यांत आलेला माणूस एकच, पण दुसऱ्या वाक्यात बाकीचे सगळे वगळले गेले. 'मी येतो' ही माहिती आहे, 'मी येतोच' हे वचन आहे. आणि दाराबाहेर पडता पडता माणूस 'आलोच' म्हणतो, तेव्हा तो खरं तर जात असतो! भूतकाळाचं क्रियापद, त्याला 'च', आणि अर्थ 'लगेच परत येतो, काळजी करू नका'. परकी व्यक्ती मराठी शिकते तेव्हा शब्दकोशात 'च' शोधून तिला हे कधीच सापडणार नाही. चार घरांत बसून ऐकल्यावरच कळेल. 'वुरा'चं अगदी असंच आहे.

म्हणजे 'वुरा' = 'च' असं धरून चालायचं का?

नाही. सुरुवातीला हाताशी धरायला 'च' चांगला, पण लवकरच हात सोडावा लागतो.

'च' शब्दाला चिकटतो, एकटा उभा राहू शकत नाही. 'वुरा' हा स्वतंत्र शब्द आहे. त्याच्या पहिल्या अक्षरावर स्वतःचा उंच सूर आहे. तो जोर द्यायच्या शब्दामागे येतो तसा पुढेही येतो. 'ताय' म्हणजे 'पुष्कळ', आणि 'वुरा ताय' म्हणजे 'खूपच, भरपूर'. मराठीत 'च' कधी शब्दाच्या आधी बसत नाही.

दुसरा फरक अर्थाचा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. आपल्या 'च'मध्ये बहुतेक वेळा वगळण्याचा भाव असतो: हेच, दुसरं नाही. 'वुरा'मध्ये तो असू शकतो, पण असायलाच हवा असं नाही. पुष्कळदा तो फक्त आवाजात वजन आणतो. गोष्ट सांगणारी आजी जिथे मान हलवेल, 'अगं खरंच', 'बरं का' म्हणेल, तिथे करुक कथनात 'वुरा' दिसतो. एका वाक्यात तो दोनदा आला तरी करुक कानाला खटकत नाही. मराठीत एका वाक्यात दोन-तीन 'च' आले की वाक्य भांडायला उठल्यासारखं वाटतं.

'वुरा' दुसऱ्या शब्दात मिसळून जातो का?

हो, आणि याचं सर्वांत सुंदर उदाहरण 'कोवुरा'. 'को' म्हणजे 'एवढं, इतकं'. त्याला 'वुरा' जोडला की 'कोवुरा', म्हणजे 'सगळं, सगळे'. एवढं म्हणजे एवढंच्या एवढं, काही बाकी न ठेवता. आज 'कोवुरा' म्हणणारा कोणी मनात दोन तुकडे वेगळे करत नाही, तो एकसंध शब्द झाला आहे.

आपल्याकडेही हे घडलं आहे. 'उगीच', 'खरंच', 'मुळीच' या शब्दांच्या शेवटी 'च' आहे, पण तो आता बाहेर काढता येत नाही. 'उगीच बसलो होतो' यातला 'च' काढला तर हल्लीच्या मराठीत काहीतरी अर्धवट राहतं. छोटी अव्ययं अशीच जगतात: आधी शेजारी उभी राहतात, मग खांद्यावर हात ठेवतात, मग घरातलीच होऊन जातात.

नकारात 'वुरा' काय करतो?

करुकमध्ये नकार क्रियापदाला दोन्ही बाजूंनी धरतो. पुढे 'पु' लागतो आणि मागे 'अर', मधे क्रियापद. एखादी गोष्ट दोन्ही हातांनी दूर सारावी तसा. त्याच्या आधी 'वुरा' आला की नकार पक्का होतो. मराठीत 'गेला नाही' आणि 'मुळीच गेला नाही' यांत जो फरक आहे, तोच. आणि गंमत म्हणजे 'मुळीच'मध्येही 'च' दडलेला आहेच.

वाक्यातून 'वुरा' काढून टाकला तर व्याकरण चुकतं का?

चुकत नाही. म्हणूनच तो इतका सहज हरवतो.

कथेत 'वुरा' एकटाच असतो की त्याचे सोबती असतात?

करुक कथा वाचायला घेतल्या की 'वुरा'बरोबर एक अख्खं कुटुंब भेटतं, आणि मला या भाषेत सगळ्यांत जास्त ओढ या कुटुंबाचीच आहे.

पहिला 'खस', म्हणजे 'मग'. दुसरा 'करि', म्हणजे 'तेव्हा'. दोघे मिळून 'करि खस', म्हणजे 'आणि मग'. पारंपरिक कथेत वाक्यामागून वाक्य 'खस' किंवा 'करि खस'ने सुरू होतं. 'करि खस उपीप', 'आणि मग तो म्हणाला'. (इथे 'तो' मराठीसाठी लिहावा लागला. करुक क्रियापदातल्या 'उ'मध्ये तो, ती, ते असा भेद नाही.) घाईत वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते. पण ऐकणाऱ्यासाठी तो ठेका आहे. 'करि खस' आलं की कथेनं एक पाऊल पुढं टाकलं, नवा श्वास घेतला.

विल्यम ब्राइट या भाषाशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये एक करुक पुराणकथा गद्यासारखी सलग न छापता कवितेसारखी ओळींमध्ये मांडून दाखवली. ओळ कुठं तोडायची हे ठरवताना वाक्यारंभी येणारे हे छोटे शब्दच त्याच्या उपयोगी पडले. वर्षानुवर्षं भाषांतरकार ज्यांना भरताड समजून गाळत होते, तेच कथेचा सांगाडा निघाले.

मग 'करु', म्हणजे 'आणि, सुद्धा'. हा दोन गोष्टी शेजारी ठेवतो, 'खस' त्यांना एकामागून एक ओवतो. मराठीत 'आणि' आणि 'मग' यांची जशी वाटणी आहे तशीच.

आणि माझा आवडता 'यनवा'. पात्र कुठंतरी जातं, डोळे वर करतं आणि समोर काहीतरी दिसतं, तिथे हा शब्द येतो. इंग्रजी भाषांतरात तो एकतर गायब असतो किंवा त्याच्या जागी एखादा जुनाट, नाटकी शब्द येतो. मराठीत मात्र त्यासाठी जणू साचाच तयार आहे: 'पाहतो तर काय!' आजीच्या गोष्टीतला लाकूडतोड्या झोपडीत शिरतो, 'पाहतो तर काय', आणि आपण श्वास रोखतो. तो रोखलेला श्वास म्हणजे 'यनवा'.

या सगळ्यांत 'वुरा' वेगळा ठरतो. 'खस' आणि 'करि' कथेला पुढं नेतात, 'यनवा' आपली नजर वळवतो. 'वुरा' कुठे नेत नाही. तो जिथे आहे तिथे पाय रोवतो.

या कथा कोणाच्या असतात?

बहुतेक कथा माणसांच्या आधीच्या काळातल्या आहेत. तेव्हा जगात 'इक्खरेयव' राहत होते. माणसं येणार म्हणून त्यांनी जगाची घडी बसवली आणि ते स्वतः पशू, पक्षी, झाडं, डोंगर झाले. सर्वांत लाडका अर्थातच 'पिहनेफिच', म्हणजे कायोटी, लांडग्याच्या जातीचा तो कॅलिफोर्नियातला धूर्त, खादाड, कधी फसवणारा आणि कधी फसणारा प्राणी. आपल्या गोष्टींतला कोल्हा त्याच्या जवळपास येतो, पण पिहनेफिचनं माणसांसाठी जगाची व्यवस्थाही लावली, ती जबाबदारी आपल्या कोल्ह्यावर कोणी टाकली नाही.

गोष्टी हिवाळ्याच्या रात्री सांगायच्या. सुरुवात 'उक्नी' या शब्दानं, आपल्या 'आटपाट नगर होतं'सारखी. आणि शेवट 'कुपनकनकना' या लांबलचक शब्दानं, साठा उत्तराची कहाणी सुफळ संपूर्ण व्हावी तसा. मधल्या सगळ्या प्रवासात 'खस' चालत राहतो आणि 'वुरा' पावलापावलावर भेटतो.

इंग्रजी भाषांतरात 'वुरा' का दिसत नाही?

कारण भाषांतरकार अर्थ शोधतो आणि 'वुरा' हाती लागतो तो आवाजात.

करुक भाषेचं मोठं लिखित धन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोळा झालं. जॉन पीबॉडी हॅरिंग्टन यांनी १९३२ मध्ये करुक लोकांच्या तंबाखूच्या लागवडीवर आणि वापरावर एक भलं मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं. फीबी मॅडक्स या करुक बाईंनी आपल्या भाषेत सांगितलेली माहिती त्यात इंग्रजीच्या शेजारी मूळ रूपात छापली आहे. बी पेरणं, पान वाळवणं, चिलीम घडवणं, असं सगळं रोजचं ज्ञान. त्या करुक मजकुरात 'वुरा' पानोपानी आहे. शेजारच्या इंग्रजीत नजर टाकली तर त्याच्या वाट्याला पुष्कळदा एकही शब्द आलेला नाही.

यात भाषांतरकाराचा आळस नाही. प्रत्येक 'वुरा'साठी इंग्रजीत शब्द घातला तर वाक्य बोजड होतं. पण गाळला तर वाक्य कोणाच्याच तोंडचं राहत नाही, अहवालासारखं कोरडं होतं. बाई ठामपणे सांगत होत्या, 'हे असंच करतात, याच पानाचं, याच वेळी'. भाषांतरात उरतं 'हे असं करतात'. ज्ञान पोचलं, पण ते सांगणाऱ्या बाईंची खात्री पोचली नाही.

मराठीत भाषांतर करणाऱ्याचं नशीब थोडं बरं आहे. 'च', 'ना', 'की', 'तर', 'बरं का', 'अगदी' ही सगळी हत्यारं हाताशी आहेत. प्रत्येक 'वुरा'ला 'च' देऊ नका, मात्र परिच्छेदभर सगळे 'वुरा' गिळूनही टाकू नका. मोठ्यानं वाचून पाहा. जिथे आपला आवाज आपोआप दाबून उच्चारतो तिथे काहीतरी ठेवायलाच हवं.

'वुरा'वर काम करणाऱ्या कोणाचा महाराष्ट्राशी संबंध आहे का?

आहे, आणि तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून जातो.

विल्यम ब्राइट (१९२८–२००६) हे करुकच्या पहिल्या सविस्तर आधुनिक व्याकरणाचे लेखक. १९४९ मध्ये, विशीत असताना, ते क्लॅमथच्या काठी पहिल्यांदा गेले. बर्कलीला त्यांना शिकवणाऱ्यांत मरी एमेनो होते, ज्यांनी निलगिरीतल्या तोडा आणि कोटा भाषांवर आयुष्य वेचलं. करुकवरचा प्रबंध पूर्ण झाल्यावर ब्राइट भारतात आले. करुकचं व्याकरण १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातून छापून आलं आणि लगेच १९५८ मध्ये बोलीभाषेतल्या कन्नडवरचं त्यांचं पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केलं. क्लॅमथच्या काठी तयार झालेला कान मुळा-मुठेच्या काठी येऊन कन्नड ऐकत होता! त्या वर्षांत डेक्कन कॉलेज भारतीय भाषाशास्त्राचं मोठं केंद्र बनत होतं, देशभरातले तरुण अभ्यासक तिथल्या उन्हाळी वर्गांना येत असत.

करुक लोकांनी ब्राइट यांना एक नाव दिलं होतं, त्याचा अर्थ होतो 'शब्द विचारणारा छोटा'. आयुष्याच्या अखेरीस जमातीनं त्यांना मानद सदस्यत्व दिलं. शब्दकोश मात्र त्यांनी एकट्यानं केला नाही. २००५ चा करुक शब्दकोश त्यांनी आणि सुझन गेर यांनी मिळून केला. गेर स्वतः करुक आहेत, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. भाषा विचारणाऱ्याच्या हातातून ती ज्यांची आहे त्यांच्या हातात परत गेली.

आज ही भाषा बोलणारे किती?

जन्मापासून करुक बोलत वाढलेली माणसं आता अगदी थोडी उरली आहेत. १८५० च्या सुमारास सोन्याच्या शोधात आलेल्या लोंढ्यांनी गावं जाळली, माणसं मारली. पुढे मुलांना वसतिशाळांत नेऊन त्यांच्या तोंडून आपली भाषा काढून घेतली गेली. भाषा 'मेली' असं मात्र लिहू नका. वर्ग चालतात, घरात मुलांशी करुकमधून बोलणारे तरुण पालक आहेत. १९९२ पासून कॅलिफोर्नियात एक पद्धत रुजली: एक जाणती व्यक्ती आणि एक शिकणारी, दोघांनी तासन् तास एकत्र घालवायचे, स्वयंपाक करायचा, फिरायचं, आणि त्या वेळात इंग्रजी अजिबात बोलायची नाही. करुक जोड्या त्यात सुरुवातीच्या काळापासून होत्या.

मग नव्यानं शिकणाऱ्यांसाठी 'वुरा' सोपा की अवघड?

म्हणायला सोपा, वापरायला अवघड. 'आमा' म्हणजे साल्मन मासा, हे चित्र दाखवून शिकवता येतं. 'वुरा'चं चित्र काढता येत नाही. वर्गात तक्त्यावर शब्द लिहून शिकलेला विद्यार्थी बरोबर वाक्यं करतो, पण त्याच्या वाक्यांत 'वुरा' नसतो, 'खस' मोजून-मापून येतो. परदेशात वाढलेली आपली मुलं मराठी बोलतात तेव्हा हेच जाणवतं. 'मला भूक लागली आहे' अगदी शुद्ध. पण 'भूकच लागलीये गं', 'मी आत्ताच खाल्लं ना' हे येत नाही. ते पुस्तकातून येत नाहीच, कोणीतरी समोर बसून बोलावं लागतं. एकत्र स्वयंपाक करत शिकण्याच्या त्या पद्धतीचं बळ मला इथेच दिसतं. भाजी ढवळता ढवळता तोंडातून निघालेल्या वाक्यात 'वुरा' असतोच.

उच्चार कसा करायचा?

देवनागरीत 'वुरा' लिहिलं आहे, पण शेवटचा 'आ' लांबवू नका. तो ऱ्हस्व आहे, जवळजवळ 'अ'सारखा. मराठीत शब्दाच्या शेवटी असा 'अ' आपण गाळतो, म्हणून नाइलाजानं काना दिला. सूर 'वु'वर उंच, 'र'वर खाली. आणि करुकचा 'व' दोन्ही ओठ जवळ आणून, हवा घासत सोडून होतो, वरचे दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत. 'खस'मधला 'ख' आपल्या 'ख'सारखा नाही, तो उर्दूतल्या 'ख़बर'मधल्यासारखा घशातून घासत येतो. 'करि' आणि 'करु' हे शब्द मुद्दाम ऱ्हस्व ठेवले आहेत, मराठी शुद्धलेखनाच्या सवयीनं दीर्घ करू नका.

प्रत्यक्ष वाक्यांत 'वुरा' पाहायचा असेल तर?

करुकचा शब्दकोश आणि कथांचा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे. त्याचं नाव 'अराराहिह-उरीपिह', म्हणजे करुक भाषेचं जाळं. 'उरीपिह' म्हणजे मासे धरायचं जाळं, आणि हे नाव नदीकाठच्या लोकांनाच सुचू शकतं. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की तो जिथे जिथे आला आहे ती वाक्यं समोर येतात, काहींना मूळ सांगणाऱ्याचा आवाजही जोडलेला आहे. आधी भाषांतर न पाहता एक कथा ऐका. पहिल्यांदा काहीच कळणार नाही. दुसऱ्यांदा 'खस' ओळखू येईल. तिसऱ्यांदा 'वुरा' कानावर पडेल, आणि मग तो प्रत्येक वाक्यात ऐकू यायला लागेल.